‘कॉन्शन्स’ला मराठीत काय म्हणायचं? सातारा-सांगलीच्या वाटेनं एका शब्दाचा शोध

मंडळी, आज आपल्याला एकाच इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. ‘कॉन्शन्स’. शब्द काही अवघड नाही. ‘माझा कॉन्शन्स क्लिअर आहे’ असं आपल्याकडचा पुढारीही पत्रकारांसमोर सहज म्हणून जातो. पण याला मराठीत काय म्हणतात, असं विचारलं की गाडी क्षणभर अडते. मग कोणीतरी शाळेत शिकलेला शब्द बाहेर काढतो: सदसद्विवेकबुद्धी. आठ अक्षरं, त्यात दोन जोडाक्षरं. चुकलेल्या मुलाला ‘तुझ्या सदसद्विवेकबुद्धीला विचार’ असं म्हणणारी आई आम्ही तरी पाहिलेली नाही. आई म्हणते, ‘तुझ्या मनाला विचार.’

आता एक गंमत बघा. आपल्या संविधानाचं पंचविसावं कलम धर्मस्वातंत्र्याचं आहे. इंग्रजी मसुद्यात तिथं ‘फ्रीडम ऑफ कॉन्शन्स’ असे शब्द आहेत. हिंदी पाठात त्याचं झालं ‘अंतःकरण की स्वतंत्रता’. मराठी पाठात झालं ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’. दोन्ही भाषांची लिपी एक, संस्कृतचं भांडारही एकच. तरी हिंदीनं अंतःकरण उचललं आणि मराठीनं बुद्धी. हा नुसता भाषांतरकारांच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असं आम्हाला वाटत नाही. यामागे आपल्या समाजानं ‘खरं-खोटं कोण ठरवणार?’ या प्रश्नाशी घातलेली जुनी झटापट आहे. तिचा माग काढायला आज आपण सातारा आणि सांगलीकडे जाणार आहोत. दोन नावं आज वेगळी आहेत, पण सांगली जिल्ह्याचा बराचसा मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. संस्थानं विलीन झाल्यावर ‘दक्षिण सातारा’ वेगळा काढला गेला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तेव्हा जुन्या काळाबद्दल बोलताना आपण कृष्णाकाठचा हा सगळा पट्टा एकच धरू.

त्याआधी मूळ शब्द उलगडून घेऊ.

‘कॉन्शन्स’ आला लॅटिन ‘कॉन्शिएन्शिया’वरून. ‘कॉन’ म्हणजे सह, बरोबर. ‘शिएन्शिया’ म्हणजे जाणणं, ज्ञान. ‘सायन्स’ हा शब्द त्याच घरातला. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ ‘बरोबरीनं जाणणं’. एखादी गोष्ट मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. आपण दोघं त्या गोष्टीचे सह-जाणते आहोत. रोमन माणूस हा शब्द कटात सामील असलेल्यांबद्दलही वापरत असे. ग्रीक भाषेत ‘सिनेइडेसिस’ म्हणून शब्द आहे, त्याचीही घडण हीच. तो शब्द सेंट पॉलच्या पत्रांतून ख्रिस्ती विचारात आला आणि तिथं त्याचं वजन वाढलं. आता सह-जाणता दुसरा माणूस राहिला नाही, आपल्याच आत बसलेला एक साक्षीदार झाला. मी केलेलं कोणी पाहिलं नाही, पण माझ्याबरोबर ते ‘मी’च पाहिलं.

इंग्रजांकडे हा शब्द फ्रेंचांमार्फत पोचला. त्याआधी त्यांचा स्वतःचा एक साधा शब्द होता, ‘इनविट’, म्हणजे आतली जाण. १३४० साली केंट परगण्यातल्या एका साधूनं फ्रेंच ग्रंथाचं इंग्रजी केलं, त्याचं नावच ‘अयेनबाइट ऑफ इनविट’. अयेनबाइट म्हणजे पुन्हा पुन्हा घेतलेला चावा. आतली जाण चावते, परत चावते. आपण मराठीत म्हणतो, ‘मन खातं’. ‘मनाला टोचणी लागली’ असंही म्हणतो, आणि त्याच चौदाव्या शतकातल्या एका लोकप्रिय इंग्रजी काव्याचं नाव ‘टोचणी’ याच अर्थाचं आहे, ‘द प्रिक ऑफ कॉन्शन्स’. मराठीनं हे इंग्रजीकडून घेतलेलं नाही आणि इंग्रजीनं मराठीकडून घेण्याचा तर प्रश्नच नाही. खाणं आणि टोचणं हा अनुभवच तसा आहे.

पुढे १६५१ मध्ये टॉमस हॉब्सनं ‘लेव्हायथन’ या ग्रंथात या शब्दाचा प्रवास फार तिखटपणे सांगितला आहे. त्याचा सारांश आपल्या शब्दांत असा. सुरुवातीला दोघांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे कॉन्शन्स. म्हणून त्याविरुद्ध बोलणं हे पाप, कारण दुसरा साक्षीदार समोर आहे. मग लोक स्वतःच्या गुप्त गोष्टींच्या ज्ञानालाही तेच नाव देऊ लागले. आणि शेवटी, स्वतःच्या नव्या मतांच्या प्रेमात पडलेल्यांनी त्या मतांनाच हे पूज्य नाव चिकटवलं, म्हणजे कोणी विरोध करायला नको. हॉब्सची राजेशाहीची बाजू आम्हाला पटत नाही, पण हे निरीक्षण मात्र खिशात ठेवा. आज पुन्हा लागणार आहे.

आता आपल्याकडे. सह-जाणत्याला जवळचा शब्द आपल्याकडे आहे: साक्षी. जो साक्षात पाहतो तो साक्षी, अशी त्याची व्युत्पत्ती थेट पाणिनीच्या व्याकरणात आहे. मग कॉन्शन्सला ‘साक्षी’ का म्हटलं नाही? आमचा तर्क असा की तो शब्द आधीच वेदान्तानं नेला होता. वेदान्तातला साक्षी फक्त पाहतो. तो निवाडा देत नाही, टोचत नाही, खातही नाही. दिव्यासारखा असतो, त्याच्या उजेडात कोणी पोथी वाचो की कोणी चोरी करो. असा साक्षी नीतीच्या कामाचा नाही. नीतीला तोंड उघडणारा साक्षीदार लागतो.

तो मराठी माणसानं फारसीतून घेतला. ग्वाही! ‘गवाह’वरून आलेला शब्द. ‘मन ग्वाही देत नाही’ असं आपण आजही म्हणतो. जरा विचार करा, हे वाक्य आलं कुठून? थेट कचेरीतून. आदिलशाही आणि मराठेशाहीच्या काळात वतनाचे तंटे चालत, पाटीलकी कुणाची, कुळकर्ण कुणाचं, शेताची शीव कुठं. तिथं दोन्ही बाजूंच्या ग्वाह्या होत. तो दरबारी शब्द लोकांनी मनाच्या आत नेऊन बसवला. मनाच्या कचेरीत मनच साक्षीदार. इंग्रजांच्या कॉन्शन्सनं जो प्रवास केला, दुसऱ्याच्या साक्षीपासून स्वतःच्या साक्षीपर्यंत, तोच प्रवास आपल्या ‘ग्वाही’नं वेगळ्या वाटेनं केला.

या कचेऱ्या चालत कशा, ते थोडं सांगायला हवं, कारण शब्दाचं मर्म तिथं आहे. तंटा आला की गोतसभा बसे. गावचे पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावांचे वतनदार, सरकारी अधिकारी, सगळे. साक्षीदाराला बेलभंडार उचलायला लावत, नदीच्या पात्रात उभं करत, आणि बजावत की तुझ्या पूर्वजांची गती तुझ्या शब्दावर टांगलेली आहे. निवाडा झाला की महजर लिहिला जाई आणि हजर असलेल्यांच्या निशाण्या त्यावर पडत. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा वाकस, ज्याचं जे अवजार ते. म्हणजे एका गोष्टीचे शंभर सह-जाणते. कॉन्शिएन्शियाचा अगदी पहिला अर्थ!

आणि साक्षी-पुरावा दोन्हीकडून सारखाच पडला तर? तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेल-तुपाच्या भांड्यातून धातूचा तुकडा, रवा, हातानं काढायचा. त्याआधी हात धुऊन, नखं काढून, हातावरच्या जुन्या खुणा टिपून ठेवत. दिव्य झालं की हाताला पिशवी बांधून मोहोर करत आणि ठरल्या दिवशी सर्वांसमोर उघडत. हात शाबूत तर माणूस खरा. आज आपल्याला हे अमानुष वाटतं, आणि होतंच. मराठ्यांच्या दिव्यांबद्दल कौतुकानं लिहिणारे काही लेखक आहेत, त्यांनी आपला हात तेवढा वेळ तेलात कल्पून बघावा. पण त्यामागचा विचार बघा. माणसाच्या आतलं खरं-खोटं त्याला एकट्याला माहीत आहे. गोताला ते दिसत नाही. मग ते कातडीवर आणून दाखवायचं. आतल्या साक्षीदाराला बोलतं करण्याचा हा भयंकर मार्ग.

याच काळातला आणखी एक शब्द, इमान. अरबीतला, मूळ अर्थ श्रद्धा. अमानत, अमीन ही त्याचीच भावंडं. मराठीत आल्यावर श्रद्धेचा धागा सैल झाला आणि इमान झालं दिलेल्या शब्दाचं, खाल्लेल्या मिठाचं. ‘बेइमान’ ही शिवी नास्तिकाला देत नाहीत, धन्याला फसवणाऱ्याला देतात. इथंही दुसरा कोणीतरी लागतोच, ज्याच्याशी इमान राखायचं तो.

आता एक माणूस असा बघू ज्याच्याजवळ गोत नव्हतं, दिव्य नव्हतं, आणि इमान कुणाशी राखायचं हाच प्रश्न होता. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज.

नेहमी या विषयावर रामशास्त्री प्रभुण्यांचं उदाहरण देतात. तेही साताऱ्याजवळच्या माहुलीचे. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पद सोडलं, वाईजवळ जाऊन राहिले. गोष्ट मोठीच आहे. पण रामशास्त्री शास्त्राच्या आधारानं बोलत होते. त्यांच्या मागे धर्मशास्त्राची अख्खी परंपरा उभी होती. प्रतापसिंहांच्या मागे कोणीच नव्हतं, म्हणून आपण त्यांच्यापाशी जास्त वेळ थांबू.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानं साताऱ्याचं छोटं राज्य प्रतापसिंहांना दिलं. सुरुवातीला कारभार जेम्स ग्रँटकडे होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच, आणि रामशास्त्र्यांची गोष्ट इंग्रजीत नेणाराही हाच. १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हाती आला. त्यांनी तो इतका चोख केला की लंडनच्या कंपनी संचालकांनी १८३५ मध्ये त्यांची वाखाणणी करून एक मानाची तलवार द्यायचं ठरवलं. ती तलवार त्यांच्या हाती कधी पडलीच नाही. कारण तोवर जहागीरदारांवर अधिकार कुणाचा या वादावरून मुंबई सरकारशी बिनसलं होतं. १८३६ मध्ये त्यांच्यावर आरोप आले: कंपनीच्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. चौकशी झाली, ती बंद दाराआड. महाराजांना पुरावा नीट दाखवला गेला नाही आणि उत्तर द्यायची संधीही धड मिळाली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. त्यानं जे पुढे केलं ते शिक्षेचं फर्मान नव्हतं, सौदा होता. सरकार सगळं विसरायला तयार आहे. गादी राहील, राज्य राहील. फक्त एका कागदावर सही करा. त्या कागदात गर्भित होतं की महाराजांनी वाईट सल्ल्याला भुलून तह मोडला आणि सरकारनं त्यांना क्षमा केली.

व्यवहारी माणसाचं मत काय पडेल? सही करावी. एक ओळ लिहून राज्य वाचत असेल तर काय हरकत आहे? पुढे कधीतरी तो डाग पुसताही येईल. इतिहासात अशा सह्या ढिगानं सापडतात. प्रतापसिंहांनी सही केली नाही. मी दोषी नाही, मग दोष कबूल कसा करू, एवढंच त्यांचं म्हणणं. चौकशी उघड करा, मग सिद्ध झालं तर बघू. कार्नॅक परत परत भेटला, हे परत परत नाही म्हणाले. ५ सप्टेंबर १८३९ च्या सुमारास त्यांना वाड्यातून उचलून साताऱ्याबाहेर नेलं आणि तिथून काशीला. धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीलाच वारले. शहाजी १८४८ मध्ये गेले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं.

या नकाराला काय नाव द्यायचं? इमान म्हणावं तर कुणाशी? कंपनीशी इमान राखायचं तर सही करणं सोपं होतं. राज्याशी इमान राखायचं तरी सहीच करायला हवी होती, कारण सहीमुळे राज्य टिकलं असतं. देवाची साक्ष, गोताची साक्ष या गोष्टी त्या बंद चौकशीत होत्याच कुठं? उरलं एकच: जे मी केलं नाही ते मला माहीत आहे, आणि माझ्या जोडीनं ते जाणणारा मीच आहे. कॉन्शिएन्शियाचा दुसरा, आतला अर्थ याहून स्वच्छ आम्हाला तरी मराठी इतिहासात दिसलेला नाही. पण खूण अशी की महाराजांनी गोष्ट आत कोंडून ठेवली नाही. त्यांनी आपले वकील विलायतेला पाठवले. रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोचले ते बारा-तेरा वर्षं तिथंच झगडत राहिले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन अशी इंग्रज मंडळी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याच्या बाजूनं उभी राहिली. आतल्या साक्षीदाराला बाहेरचे सह-जाणते मिळवून द्यायची ती धडपड होती. निकाल काही फिरला नाही. रंगो बापूजी परतले, आणि १८५७ च्या साताऱ्याच्या उठावात त्यांच्या मुलाला, सीतारामला, गेंडामाळावर इतर सोळा जणांबरोबर मृत्युदंड दिला गेला. रंगो बापूजी नाहीसे झाले ते पुन्हा सापडले नाहीत.

आता ‘सदसद्विवेकबुद्धी’ या शब्दाकडे वळू. त्यातला ‘विवेक’ साताऱ्याच्या मातीत जुना आहे. विवेक म्हणजे वेगळं काढणं, सुपात घालून पाखडणं. समर्थ रामदास चाफळला आणि सज्जनगडावर राहिले, आणि दासबोधात विवेक हा शब्द पानोपानी भेटतो. कुठं तो आत्मा-अनात्मा निवडणारा असतो, कुठं साधा शहाणपणा, कुणाशी कसं बोलावं इथपर्यंतचा. पण तिथल्या ‘सत्’ आणि ‘असत्’चा पहिला अर्थ चांगलं-वाईट असा नाही. जे टिकतं ते सत्, जे टिकत नाही ते असत्. एकोणिसाव्या शतकात शिक्षित मराठी लोक इंग्रजी नीतिशास्त्र वाचू लागले, बायबलही मराठीत आलं, आणि या वेदान्ती शब्दाला नवं काम लागलं. सत् म्हणजे योग्य, असत् म्हणजे अयोग्य. आजच्या मराठी बायबलातही पॉलच्या ‘सिनेइडेसिस’ला हाच शब्द दिसतो.

हा बदल साधा नाही. ग्वाहीत साक्षीदार होता. टोचणीत दुखणं होतं. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ या म्हणीत लाज होती, आणि लाजेला कोणीतरी बघणारा लागतो. सदसद्विवेकबुद्धीत यातलं काहीच नाही. तिथं आहे पाखडणारं सूप. म्हणजे मराठी सुशिक्षितानं कॉन्शन्सचं भाषांतर करताना साक्षीदाराला उठवलं आणि परीक्षकाला बसवलं.

हे बरं झालं की वाईट? इथं कृष्णाकाठचाच दुसरा माणूस आठवतो. गोपाळ गणेश आगरकर, जन्म १८५६, कऱ्हाडजवळचं टेंभू. आज टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, आगरकर नाही. पाण्याचं महत्त्व आम्ही नाकारत नाही. आगरकरांना साक्षीदारांचा चांगला अनुभव होता. विधवांचं केशवपन, बालविवाह, या सगळ्याला समाजातल्या ‘जनां’ची साक्ष होतीच की! शंभर सह-जाणते एका पोरीवर अन्याय करत होते आणि कुणाचंही मन खात नव्हतं. मग मनाच्या टोचणीवर भरवसा ठेवायचा कसा? टोचणी तर सवयीची गुलाम. शिवाशिव मोडली तर मन खातं, आणि पाळली तर शांत झोप लागते. म्हणून आगरकरांनी बुद्धीचा आग्रह धरला. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, चाली-रूढी एकेक करून सुपात घेतल्या. त्याची किंमत दिली. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, चाळिशीच्या आत, ते गेले.

त्यांचे एकेकाळचे सोबती टिळक. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले आणि पुढे कायमचे दुरावले. नवल असं की या एका मुद्द्यावर टिळक बुद्धीच्याच बाजूचे निघतात. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये छापलेलं ‘गीतारहस्य’ काढा. त्यात पाश्चात्त्यांच्या कॉन्शन्सवर, म्हणजे मनात बसलेल्या ‘सदसद्विवेकदेवते’वर, मोठी चर्चा आहे. टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं: अशी स्वतंत्र देवता कुठं नाही. ती असती तर साधूच्या आणि चोराच्या पोटात तिचा कौल एकच निघाला असता. निवडणारी बुद्धी एकच आहे, जी हिशेब करते तीच बरं-वाईट ठरवते. फरक पडतो तो ती शुद्ध आहे की नाही यानं. आगरकर बुद्धी शुद्ध करायला स्पेन्सर आणि मिल्ल देतील, टिळक गीता देतील. पण देवतेला दोघांनीही उठवलंच.

आता याच मुलखातला पुढचा पेच बघा. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं प्रतिसरकार चाललं होतं. त्याचा मोठा जोर आज सांगलीत असलेल्या वाळवा, कुंडल भागात. गावोगाव त्यांची न्यायमंडळं बसत, सावकारीचे, जमिनीचे, घरातले तंटे गावासमोर मिटवत. जुन्या गोतसभेची आठवण येते, वतनदारी वजा करून. १९४४ च्या उन्हाळ्यात गांधीजी आगाखान पॅलेसमधून सुटले आणि प्रकृतीसाठी याच जिल्ह्यात, पाचगणीला येऊन राहिले. आतल्या आवाजाचं नाव घेऊन १९३३ मध्ये पुण्यात एकवीस दिवसांचं उपोषण केलेला हा माणूस. पाचगणीहून त्यांनी भूमिगतांना सांगितलं, लपून राहू नका, प्रकट व्हा. खाली कृष्णेच्या खोऱ्यातल्या माणसांनी हे ऐकलं असणार. नाना पाटील प्रकट झाले नाहीत; ते १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. एका जिल्ह्यात दोन आतले आवाज, आणि दोन्ही प्रामाणिक. टिळकांचा प्रश्न इथं पुन्हा उभा राहतो: कौल एकच का निघत नाही? आमचं मत विचाराल तर, यातला एक खोटा होता असं ठरवायची गरज नाही. दोघांनीही आपापला निर्णय उघड्यावर घेतला आणि त्याचे परिणाम अंगावर घेतले.

याच्या अगदी उलट टोक १९६९ मध्ये दिसतं. मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळानं नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं. इंदिरा गांधींना ते नको होतं. त्या मंडळात रेड्डींच्या बाजूनं मत देणाऱ्यांत गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. जन्म देवराष्ट्रे, जिल्हा आताचा सांगली, खासदार साताऱ्याचे, बेचाळीसच्या चळवळीत याच खोऱ्यात भूमिगत राहिलेले. मग इंदिराबाईंनी आवाहन केलं की ज्यानं-त्यानं कॉन्शन्सप्रमाणे मत द्यावं. मराठी वर्तमानपत्रांत ‘सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदान’ आणि ‘अंतरात्म्याचा आवाज’ हे शब्द घरोघर पोचले. १६ ऑगस्टला मतदान झालं. व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. काँग्रेस फुटली आणि चव्हाण इंदिरा गांधींबरोबर राहिले.

चव्हाणांना त्या दोन महिन्यांत काय वाटलं असेल, याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. शब्दाचं काय झालं ते बघा. राष्ट्रपतिपदाचं मतदान गुप्त असतं. प्रतापसिंहांच्या नकाराला कार्नॅक समोर होता. आगरकरांच्या लेखावर सही होती. इथं आतल्या आवाजाचा कौल बंद पेटीत पडला, कुणी काय ऐकलं हे कुणालाच कळायचं कारण नाही. सह-जाणता कोणी नाही. हॉब्सनं सांगितलेली तिसरी पायरी ती हीच. तेव्हापासून पक्ष सोडणाऱ्या प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धी आठवू लागली आणि ऐकणारे गालात हसू लागले.

शेवटी एक शब्द राहिला. मंत्र्याच्या शपथेचा इंग्रजी मजकूर संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्यात ‘कॉन्शिएन्शसली’ असा शब्द येतो, मी माझी कर्तव्यं त्या रीतीनं पार पाडीन. हिंदीत तिथं ‘शुद्ध अंतःकरण से’ आहे. मराठीत आहे ‘शुद्ध बुद्धीने’. म्हणजे मराठीनं दोन्ही ठिकाणी बुद्धीच निवडली. साक्षीदारही अगदी बाहेर गेलेला नाही. तो त्याच शपथेच्या सुरुवातीला आहे, ‘ईश्वरसाक्ष’ या शब्दात. ज्याला ईश्वर नको असेल त्यानं ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करायचं. आगरकरांना शपथ घ्यावी लागली असती तर त्यांनी हेच निवडलं असतं, असं आम्हाला वाटतं. शपथ मात्र दोघांनाही उभं राहून, मोठ्यानं, लोकांसमोर वाचावी लागते.